वळणावरचा उजेड

१

लग्नाला सात आठवडे झाले आणि डोंगरावर जेवण पोचवायचं काम माझ्याकडे आलं. सासूबाई म्हणाल्या, "रावया, तुझे पाय तरणे आहेत, आणि तू वाटेत कुणाशी गप्पा छाटत बसत नाहीस." दुसरं कारण खरं होतं. मी नदीपलीकडच्या शहरात, वडिलांच्या फोटो स्टुडिओत वाढले. तिथे कुणी हललं की फोटो बिघडायचा, म्हणून आमचं घरच गप्प बसायला शिकलं होतं.

डब्यात शम्सी असायची, म्हणजे गच्चीवर उन्हात ठेवून फुगवलेली जाड भाकरी. सोबत कांदा, मुलूखियाच्या पाल्याची पातळ भाजी आणि थर्मासमध्ये काळा चहा, इतका गोड की चमचा उभा राहावा. माझे सासरे वर एका थडग्याचे पहारेकरी होते. सगळं गाव त्यांना हाज म्हणायचं, मीही म्हणायचे.

हजारो वर्षांपूर्वीच्या राजांची थडगी डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. तिथे बसगाड्या, रांगा, विजेचे दिवे. आमच्या बाजूला त्या राजांचे कारकून आणि मोजणीदार पुरलेले. हाजच्या थडग्यात एक नवरा-बायको होते, भिंतीवर रंगवलेले, शेजारी शेजारी बसलेले. त्याचा हात तिच्या खांद्यावर. माझा नवरा नौबी गाईड आहे. तो प्रत्येक प्रवाशाला सांगतो की यांनी आयुष्यात एकदाही भांडण केलं नाही. हे त्याला कसं कळलं, असं मी विचारलं तर म्हणाला, "बायको भिंतीवर आहे ना? बोलत नाही."

वर वीज नाही. हाज अंगणात आरसा धरून उभे राहायचे आणि ऊन दारातून आत फेकायचे. आरसा म्हणजे त्यांच्या लग्नातल्या कपाटाचं दार. ते कपाट आता आमच्या खोलीत आहे, एका दाराविना, त्यामुळे माझे कपडे येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांच्या ओळखीचे झालेत.

आरशाचा उजेड पहिल्या खोलीपर्यंत सरळ जातो. आतली खोली वळणापलीकडे. तिथे उजेड वळवायला वळणावर आणखी एक माणूस लागतो, चंदेरी कागद चिकटवलेली फळी घेऊन. तीस वर्षं ती फळी हाजचे धाकटे भाऊ हसनी यांनी धरली. लहानपणी उसाच्या चरकात त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. माझ्या वडिलांनी काढलेला दोघा भावांचा एक फोटो घरात आहे. त्यात हसनीकाकांनी तो हात हाजच्या पाठीमागे लपवलाय. मी लग्न होऊन आले त्याच्या दोन वर्षं आधी ते वारले.

शेवटचा प्रवासी बाहेर आला की पहारेकरी दारात तोंड घालून तीनदा विचारतो, "आत कोणी राहिलंय?" तिन्ही वेळा उत्तर आलं नाही, तरच आरसा खाली. कुणाला आत अंधारात ठेवून आरसा उतरवणं, यापेक्षा मोठी नाचक्की आमच्या डोंगरावर नाही. मग आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवायचा आणि घरी जायचं. संध्याकाळी डोंगरभर हा प्रश्न ऐकू येतो. थडग्याथडग्यांतून, वेगवेगळ्या आवाजांत.

हाज विचारत नसत. आरसा दारासमोर दगडाला टेकवून, दाराकडे तोंड करून तसाच ठेवायचे आणि माझा हात धरून उतरायला लागायचे.

"हाज, आरसा उलटा नाही केलात?"

"धूळ बसू दे," ते म्हणाले. "तू घसरू नकोस."

घसरले असते तर तेच. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता.

२

एका दुपारी मी पोचले तेव्हा एक म्हातारं जर्मन जोडपं थडग्यातून बाहेर येत होतं. बाईंनी डोक्याला ओला रुमाल बांधला होता. त्या हाजचा हात हातात घेऊन खूप वेळ हलवत राहिल्या, मग पर्समधून दोन टॉफी काढल्या.

"एक तुम्हाला," त्या म्हणाल्या, "आणि एक आतल्या गृहस्थांना. किती धीराचे आहेत! माझी नजर जाईल तिथे उजेड नेत होते."

हाजनी दोन्ही टॉफी खिशात टाकल्या. "सांगतो त्याला."

त्यांना टॉफी चालत नाही, दात खिळखिळे झालेत. मला वाटलं, बाईंना दुसरा कुणी प्रवासी दिसला असेल. उन्हातून अंधारात गेलं की डोळे काहीही दाखवतात. मी डबा उघडला, कांदा फोडला आणि मगच मला सुचलं की आतली खोली त्यांना दिसली तरी कशी?

"फळी कोण धरतं आता?" मी विचारलं.

"तू चहा ओत, शहरवाले."

मी दोन पेले भरले, एक त्यांना, एक मला. हाजनी माझा पेला उचलला, चाचपडत आत वळणाशी नेऊन ठेवला आणि परत येऊन बसले. मी थर्मासच्या झाकणातून चहा प्याले. विचारलं नाही. नव्या सुनेला न विचारण्याची सवय फार उपयोगी पडते.

संध्याकाळी सासूबाईंनी कबुतरं आणायला गच्चीवर पाठवलं. खुराड्यावर झाकण म्हणून एक फळी होती. ती उचलली तेव्हा तिच्या खालच्या अंगाला सुरकुतलेला चंदेरी कागद होता, आणि कडेला तीन बोटांच्या पकडीची काळपट झीज.

३

"पहिल्या खोलीच्या भिंती फिक्या आहेत," रात्री माझं सगळं ऐकून नौबी म्हणाला. "त्यांच्यावरून उजेड आत जात असणार. तूच ना फोटोवाल्याची पोरगी?"

"म्हणूनच सांगतेय. भिंतीवरून गेलेला उजेड पसरतो. नजरेमागून फिरत नाही."

"अगं, हसनीकाका जिवंतपणी दुपारच्या झोपेसाठी तीन तास गायब व्हायचा. मेल्यावर इतकी मेहनत करेल?" तो हसला, मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला. त्याने माझे पाय आपल्या मांडीवर ओढले आणि टाचेतला काटा काढायला लागला. "अब्बांना आवडतं कुणी आत आहे असं मानायला. तीस वर्षं दोघं एकाच उजेडाची दोन टोकं धरून उभे होते, रावया. आपण नको मोडायला."

नौबीचं हे असं असतं. एखादी गोष्ट उडवून लावतो आणि पुढच्याच वाक्यात ती उचलून छातीशी धरतो.

दुसऱ्या दिवशी मी हाजना म्हटलं, "मला आतली खोली बघायचीय." ते खूश झाले. "जा, जा. धरतो मी."

पहिली खोली आरशाच्या उजेडाने भरलेली. पांढरा, चौकोनी उजेड, कपाटाच्या दाराच्या आकाराचा. वळणाशी कोणी नव्हतं. नुसता दगड, आणि खाली रिकामा पेला. चहा संपलेला होता. उंदीर चहा पितात की नाही, हे मला माहीत नाही. उन्हाळ्यात पेला आपोआपही सुकतो. पण तो हिवाळा होता.

मी वळण ओलांडलं. आतली खोली उजळलेली होती.

हा उजेड गोल होता, ताटाएवढा. रंग तांबूस, घासलेल्या तांब्याच्या परातीवरून परतलेल्या उन्हासारखा. चंदेरी कागद असा उजेड देत नाही. स्टुडिओत वडिलांनी मला सात प्रकारचे कागद धरायला लावलेत. तो भिंतीवर किंचित थरथरत होता, फार वेळ काही धरून उभं राहिलं की हात थरथरतो तसा.

मी मुद्दाम मध्ये गेले. माझी सावली भिंतीवर पडायला हवी होती. पडली नाही. ठिपका आधीच बाजूला सरकला होता, कुणी वाट द्यावी तसा. मी छताकडे पाहिलं; तो छतावर गेला. द्राक्षांच्या वेली रंगवलेल्या होत्या, घडावर घड. मी भिंतीवरच्या बाईकडे पाहिलं. तो अलगद तिच्या चेहऱ्यावर येऊन थांबला. एवढ्या अदबीने मला आजवर कुणी काही दाखवलं नव्हतं. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले होते आणि तरी मला 'शुक्रिया' म्हणावंसं वाटत होतं.

मागे वळून बघायला हवं होतं, असं नौबी म्हणतो. नौबी तिथे नव्हता. मी भिंतीला पाठ घासत, डोळे पायांवर ठेवून बाहेर आले. आणि माझ्या पायांपुढे, एक एक पाऊल आधी, तो ठिपका चालत होता.

४

"पाहिलास?" हाजनी विचारलं.

मी मान हलवली. मग आठवलं की त्यांना दिसत नाही. म्हणून म्हटलं, "हो."

ते आरशाला टेकून बसले. "हसनीने नदीपलीकडच्या इस्पितळात पहाटे प्राण सोडला. वर फोन लागत नाही. मी दिवसभर एकटाच काम करत होतो. त्या दिवशी प्रवासी सारखे म्हणत होते, आतली खोली किती सुंदर आहे. मला वाटलं, माझं मन राखतायत. संध्याकाळी नेहमीप्रमाणे विचारलं, आत कोणी राहिलंय? आतून आलं, 'आहे.'"

"काकांचा आवाज?"

"दगडातून येणारा आवाज सगळ्यांचा सारखाच असतो, पोरी. मला वाटलं कुणी प्रवासी रेंगाळलाय. आरसा धरून उभा राहिलो. ऊन गेलं तरी उभा होतो. मग नौबी रडत वर आला, काकाचं सांगायला." त्यांनी खिशातली टॉफी चाचपली. "तेव्हापासून मी विचारलं नाही. विचारलं आणि 'आहे' आलं, तर आरसा खाली कसा ठेवू? आणि नाही आलं, तर?"

गुरुवारी त्यांचा नोकरीचा शेवटचा दिवस होता. त्यानंतर थडगं दुरुस्तीसाठी बंद होणार होतं. दाराला लावायचा पत्रा आणून टाकलेलाही होता. आमच्याकडे दुरुस्ती म्हणजे पंधरा-वीस वर्षं.

"त्याला पत्र्याच्या आत सोडून मी घरी जाऊन भाकरी खाऊ?" हाज म्हणाले. "मी आत जातो आणि त्याला घेऊन येतो. आरसा धरायला माणूस हवा. नौबी धरणार नाही. तो मला उचलून खाली नेईल."

"आणि काका नाही आले तर?"

"तर मी बसेन त्याच्यापाशी. थोडा वेळ."

हे 'थोडा वेळ' त्यांनी अशा सुरात म्हटलं, जशी माणसं चपला काढताना म्हणतात. मी जेमतेम दोन महिन्यांची सून. आणि उद्या सगळ्या गावाने म्हणायचं की हिने आरसा धरला आणि हाज आत राहिले? पण खरं सांगायचं तर गाव नंतर आठवलं. आधी आठवला घसरड्या वाटेवर माझं मनगट धरणारा त्यांचा हात.

"एक अट," मी म्हटलं. "डोंगराची सावली आरशाला लागायच्या आत बाहेर यायचं. एकटे असाल तरी. सासूबाईंनी कबुतरं भरायला घेतलीत, तुमच्याशिवाय त्या कुणाला हात लावू देणार नाहीत."

"भातात की फरीकमध्ये?"

"फरीक."

कोवळा गहू भाजून केलेली ती भरड म्हणजे त्यांचा जीव की प्राण. ते विचारात पडले. "मग यायला हवं," म्हणाले.

५

गुरुवारी दुपारी शेवटचे प्रवासी गेले. हाजनी पगडी नीट केली, टॉफी हातात घेतली आणि भिंत चाचपत आत गेले. मी आरसा उचलला.

आरसा जड नसतो, सूर्य जड असतो. तो सारखा सरकतो, आणि त्याच्यामागे तुम्हाला बोटभर, केसभर फिरत राहावं लागतं. जरा विसरलं की उजेड दाराच्या चौकटीवर चढतो आणि आत अंधार. दहा मिनिटांत माझे खांदे जळायला लागले. आतून हाजचा आवाज येत होता, ते बोलत होते. घरी भावाशी बोलतो तसं. मधे थांबत, मधे हसत. थांबायचे तेवढ्या वेळात मला काही ऐकू येत नव्हतं.

ऊन डोंगरमाथ्याला टेकलं. सावली वरच्या थडग्यांवरून उतरायला लागली. आजूबाजूचे पहारेकरी एकेक करून विचारू लागले, "आत कोणी राहिलंय? आत कोणी राहिलंय?" आरसे खाली होत गेले. मग डोंगरावर माझा एकच उरला.

"हाज!" मी ओरडले. "सावली आली!"

आतलं बोलणं थांबलं होतं. कधी थांबलं, ते मला कळलं नव्हतं.

"हाज, फरीक!"

काही नाही. सावली अंगणाच्या वरच्या पायरीवर आली. आरसा टाकून आत धावावं, तर आत अंधार होणार. न धावावं, तर नुसतं बघत राहायचं. असला हिशेब मी कधी केला नव्हता. मी आरसा डोक्यावर उचलला, चवड्यांवर उभी राहिले. तेवढं वीतभर ऊन अजून मिळालं.

तेव्हा दारातून तो ठिपका बाहेर आला. तांबूस, गोल. आधी उंबऱ्यावर, मग जमिनीवर. थरथरत, वीत-वीत पुढे सरकत. त्याच्या मागोमाग हाजची पावलं, बरोब्बर त्याच्या मधोमध पडणारी. त्यांचा उजवा हात मागे ताणलेला होता, दाराच्या अंधारात, कुणी हात धरून पोचवायला यावं तसा. मला मनगटापर्यंत दिसलं. पुढचं दिसलं नाही. मग हात सुटला, आणि हाज अंगणात एकटे उभे होते.

सावली आरशावर आली. माझ्या हातात आता नुसतं कपाटाचं दार होतं, करडं.

हाजच्या पायाशी ठिपका तसाच होता.

डोंगरावर कुठेही ऊन नव्हतं. मी मनात मोजलं, सात, आठ. ते चालत माझ्यापर्यंत आले, माझा दंड त्यांना सापडला. मग तो ठिपका उंबऱ्याकडे परत गेला, आत गेला, आणि विझला असं नाही म्हणता येणार. वळणापलीकडे गेला.

"विचार," हाज म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. "आता तुझ्या हातात आरसा आहे."

"आत कोणी राहिलंय?"

शांत.

"आत कोणी राहिलंय?"

आत कुणीतरी बोलण्याआधी घेतात तसा श्वास घेतला. किंवा वाऱ्याने पत्रा हलला.

मी तिसऱ्यांदा विचारलं नाही. आरसा पाठीवर घेतला, हाजचं मनगट धरलं आणि आम्ही उतरायला लागलो.

६

आम्ही अर्ध्या वाटेवर आलो. खाली चुली पेटल्या होत्या, उसाच्या शेतावर धूर होता. मला नौबी वर येताना दिसला. तो लांबूनच हात हलवत होता, नेहमीसारखा, जसा काही मी त्याला गर्दीत सापडणार नव्हते.

"त्याच्यापाशी बसायला गेलो होतो," हाज म्हणाले. "फार बरं वाटलं. सगळं सांगितलं. तुझं सांगितलं, नौबीचं सांगितलं. मग टॉफी द्यायला हात पुढे केला आणि त्याने माझा हात धरला. ऊब होती गं. धरून ठेवावासा हात होता." ते वाटेत थांबले. "पाचही बोटं होती."

मी पाठीवरचा आरसा सावरला.

"नौबीला सांगू नकोस. त्याला काकाच राहू दे." मग थोड्या वेळाने, "जो कुणी आहे, त्याने दोन वर्षं माझ्या भावाचं काम केलं. चहाला कधी नाही म्हटलं नाही. आणि मला बाहेर आणून सोडलं. आत ठेवता आलं असतं."

नौबी पोचला. त्याने आधी बापाकडे पाहिलं, मग माझ्या पाठीवरच्या आरशाकडे. "हे काय, कपाट पळवून नेताय माझ्या बायकोकडून?"

"परत आणतोय, गाढवा," हाज म्हणाले. "सगळ्या गावाला तिचे कपडे पाठ झालेत."

त्या रात्री ते तीन कबुतरं जेवले.

७

हाजच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. आता ते दिवसभर गच्चीवर बसतात आणि सासूबाईंच्या भाकरीला ऊन कुठून लागावं यावर त्यांना अक्कल शिकवतात. दोघं भांडतात. मला ऐकायला आवडतं.

थडग्याच्या दाराला पत्रा लागलाय. आमच्या खोलीची खिडकी डोंगराकडे उघडते. कपाटाचं दार जागेवर बसलंय, पण मी ते रोज दुपारी उघडं टाकते, खिडकीतून येणारं ऊन परत डोंगरावर जाईल असं. नौबी म्हणतो, "अख्ख्या गावात एवढा वेळ आरशापुढे उभी राहणारी तूच." मी म्हणते, नवी नवरी आहे, चालायचंच.

सावली उतरते, सगळा डोंगर करडा होतो. आणि वर, त्या दारापाशी, एक तांबूस ठिपका उरतो. सात मोजेपर्यंत, कधी आठ.

"पत्रा असेल," नौबी म्हणतो आणि माझ्या खांद्यावर हात ठेवतो.

पत्रा सावलीत चमकत नाही. हे मी त्याला सांगत नाही. त्याचा हात खांद्यावर तसाच राहू देते, आणि खिडकीत ओठ हलवून, आवाज न करता, दोनदा विचारते.

तिसऱ्यांदा विचारायचं अजून राहिलंय.